दहाव्या ओळीवरचं नाव

माझी पहिली नोकरी मी प्रभाकरचं नाव खोडून मिळवली.

प्रभाकर परवा गेला. आज हे लिहिलं नाही, तर कधीच लिहिणार नाही.

ऐंशीच्या दशकातलं नागपूर. धरमपेठेतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला होता. दर रविवारी सकाळी मालक तो आम्हा सहा-सात येड्यांच्या हवाली करायचे.

आमची एक जाड वही होती. प्रोग्राम लिहिला की तो हातानं वहीत उतरवायचा. मग ज्याला हवा त्यानं घ्यावा, मोडावा, वाढवावा. विचारायचं कामच नाही.

अट एकच. वर ज्यांची नावं आहेत ती तशीच राहू द्यायची.

आता याला ओपन सोर्स म्हणतात, लायसन्सची पानंच्या पानं असतात. आमचं अख्खं लायसन्स एवढंच होतं. तेही मला पाळता आलं नाही.

प्रभाकर काटोलचा, घरी संत्र्याची बाग. शनिवारी एसटीनं यायचा आणि माझ्या खोलीवर मुक्काम ठोकायचा.

ग्राफ पेपरचे चौकोन भरून भरून त्यानं स्क्रीनसाठी मराठी अक्षरं बनवली. एकट्या 'क्ष'नं त्याला महिनाभर छळलं. पहिल्यांदा अक्षरं उमटली तेव्हा आम्ही सगळे खुर्च्या सोडून उभे राहिलो होतो.

मग मला एका कंपनीचा मुलाखतीचा कॉल आला. स्वतः लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर घेऊन या म्हणाले.

मी प्रभाकरचा घेतला. तेव्हा ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचे; सगळ्यात वरच्या, दहाव्या ओळीवर फक्त त्याचं नाव होतं. तशी ओळ माणसांसाठी असते, कॉम्प्युटर ती वाचून सोडून देतो. मी ती काढून टाकली.

मेमरीची बचत होते, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते.

मुलाखतीला मला सायकलवर डबलसीट कोणी नेलं? प्रभाकरनंच.

साहेबांसमोर प्रोग्राम चालवला. एक 'न' उमटला आणि सगळं ठप्प. दहावी ओळ सापडत नाही, असा मेसेज.

प्रत्येक अक्षरानंतर प्रोग्राम परत दहाव्या ओळीवर जायचा. त्याच्या नावावर. ते मी बघितलंच नव्हतं.

"मित्र बाहेर आहे, त्याला बोलावू का?" एवढंच सुचलं.

प्रभाकर आला. स्क्रीनवर प्रोग्रामच्या ओळी बघितल्या. त्याला एका क्षणात कळलं.

त्यानं दहावी ओळ पुन्हा टाइप केली. तिथं माझं नाव लिहिलं.

स्क्रीनवर 'नागपूर' उमटलं. मला नोकरी मिळाली.

परतताना अर्ध्या रस्त्यात तो बोलला. "नाव काहून खोडलं बे? मले सांगतलं असतं तं मीच काढून देल्लं असतं."

"मग माझं काहून टाकलं?"

"नोकरी तुले पायजे होती."

मी सॉरीसुद्धा म्हणालो नाही. सायकलवर मागे बसून राहिलो.

पुढं त्याचे वडील आजारी पडले. तो बागेकडे गेला आणि कॉम्प्युटर सुटला तो सुटलाच. माझी मात्र अख्खी हयात त्याच कामात गेली.

काल काटोलला गेलो होतो. त्याची मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी काय काम करायचो ते ऐकून म्हणाली, "काका, बाबाले तं मोबाईलही धड येत नव्हता. तुमची दोस्ती कशी काय जमली?"

त्यानं घरी कधी सांगितलंच नव्हतं.

मी तिला अंगणात बसवून सगळं सांगितलं. माझ्या चोरीसकट. ती रडली, आणि मग म्हणाली, "काका, 'क्ष' कसा काढला होता बाबानं?"

मी कधी विचारलंच नव्हतं.

प्रभ्या, माफ कर गड्या. तुला माझा अखेरचा नमस्कार.