दिलेल्या लेकींचे गोल

मी कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास करते म्हटलं की आमच्या गावात लोक आधी विचारतात, म्हणजे औषध सापडलं का. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग नोकरी कधी लागणार. या दोन प्रश्नांच्या मध्ये माझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष अडकलं आहे. दिवसभर मी संगणकासमोर बसून अनोळखी बायकांच्या गाठींमधल्या जनुकांची अक्षरं वाचते आणि त्यांत चूक कुठे झाली ते शोधते. या बायकांना नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. त्यामुळे घरी येताना त्या माझ्याबरोबर एसटीत बसत नाहीत, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटायचं.

गेल्या वर्षी आम्हाला जनुकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकाने आपल्या घराण्याचा तक्ता काढायचा. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि ज्याला कॅन्सर झाला त्याची आकृती काळी भरायची. कर्जतहून आत आमचं गाव, थोडी भातशेती आणि बाबांची भाताची गिरणी. गिरणी बंद करून, अंगावरचा कोंडा झटकत बाबा ओट्यावर बसले आणि हौसेने सांगू लागले. आजोबा, त्यांचे भाऊ, भावांचे मुलगे, कोण माथेरानला हॉटेलात लागला, कोण भिवपुरीच्या वीजकेंद्रात. माझा कागद चौकोनांनी भरून गेला आणि एकही काळा करावा लागला नाही. "आमच्या घरात नाय हा आजार," बाबा म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता पाहिला आणि विचारलं, तुमच्याकडे मुली जन्माला येत नाहीत का. वर्ग हसला, मीही हसले, आणि मग माझे कान तापले. सबंध कागदावर गोल होते ते फक्त आजीचा, आईचा आणि माझा. बाबांना तीन बहिणी. थोरल्या दोघी वारल्या होत्या, पण त्यांच्या मांडीवर मी खेळले होते, आणि कागद भरताना मलाही त्या आठवल्या नव्हत्या.

घरी येऊन विचारलं तर बाबांना माझा प्रश्नच कळेना. त्या दिल्या ना, ते म्हणाले, मग त्या आपल्या कागदावर कशा येतील. लेक परक्याचं धन. दिलेल्या मुलीचं सुतकसुद्धा आम्ही वेगळं धरतो, तिथे दुखण्याचं काय. भिवपुरीकडे दिलेली आत्या पोटात पाणी होऊन गेली, ते त्या घरातलं दुखणं. नेरळची छातीतल्या गाठीने गेली, ते त्या घरातलं. धाकटी खालापूरला दिली. तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, आणि तिच्या सासरचे कारखान्यांच्या पाण्याला शिव्या देतात. तिघींना एका ओळीत कधी कुणी बसवलंच नव्हतं. मी बसवलं. पोटातलं पाणी बहुधा अंडाशयाच्या कॅन्सरचं, आणि तो नि छातीचा एकाच चुकीतून येऊ शकतात. तीन गोल काढले, तिन्ही काळे भरले. त्यांच्या शेजारी बाबांचा पांढरा चौकोन आणि त्याच्या खाली मी. पुरुषाला स्वतःला काही न होताही तो ही चूक मुलीला देऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. आता तेच वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलं.

बाईंनी बजावलं की घरचं रक्त आपल्या प्रयोगशाळेत आणायचं नाही, रीतसर रुग्णालयात जायचं. आणि सुरुवात जिला आजार झाला आहे तिच्यापासून करायची. तिच्या जनुकात चूक सापडली तरच बाकीच्यांत नेमकं काय शोधायचं ते कळतं. म्हणजे सगळ्यांच्या सुटकेची किल्ली खालापूरच्या आत्याकडे. चौक गावाला उतरून, पुढे टेंपोने मी तिच्याकडे गेले.

आत्या बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलायला लागले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. तिने मान न उचलता ऐकून घेतलं, आणि रक्त द्यायला साफ नकार दिला.

"हितं सगळी पाण्याला बोलतात. बोलू दे, पाण्याला काय लागतंय. माहेराचं नाव निघालं तर तुझा बाप भाऊबीजेला ह्या घरात मान वर करून बसंल का गं?"

मला संताप आला. तीन बहिणींनी आजार सोसायचा आणि वर माहेराची अब्रूही त्यांनीच राखायची, हा कुठला न्याय. मी चिडून म्हटलं, माहेराचं राहू दे, तुझ्या मुलीचं काय. तिची मुलगी माझ्याच वयाची, आत चहा करत होती. आत्याचे हात थांबले. तिच्यातपण असंल का, तिने हळूच विचारलं. तुझ्यात चूक सापडली तर निम्मी शक्यता, मी म्हटलं. नाणं उडवावं तसं. आणि तुझ्यात? ते बाबांवर आहे, मी म्हटलं. तिने वालांच्या साली एका बाजूला सारल्या.

"देते रक्त. पण कागद हितं नको धाडायला लावू. माहेरी धाड."

निकालाचा कागद आमच्या घरी आला. चूक सापडली होती. आत्याने मुलीला जवळ बसवून सगळं सांगितलं, दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. तिथे काय ठरलं ते सांगण्याचा हक्क त्यांचा आहे, म्हणून मी ते लिहीत नाही.

माझी मात्र कोंडी झाली. माझं रक्त मी स्वतः देऊ शकत होते. पण माझ्यात चूक निघाली की बाबांचा निकाल त्यांना न विचारताच लागला, कारण ती दुसरीकडून येणार कुठून. न द्यावं तर रोज सकाळी आंघोळ करताना हात आपोआप गाठ शोधतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्गात परक्या बायकांच्या चुका वाचताना मला घाम फुटायला लागला. गिरणीवर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. त्यांच्या बहिणींचे मी काढलेले काळे गोल त्यांनी एकदा पाहिले आणि कागद उलटा करून ठेवला. मला घर सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटे, पण रक्त बरोबरच येणार होतं.

मग एके दिवशी जेवताना बाबा आपणच म्हणाले, माझं तपास. बहीण दिली तवाच तिकडची झाली, माझ्यात काय नाय निघणार. त्यांना घराचं नाव स्वच्छ करून घ्यायचं आहे असं वाटून मी मनात कडू हसले. रुग्णालयातल्या बाकावर ते बाही वर करून बसले होते. दंडावरच्या केसांत तेव्हाही कोंडा होता.

"माझ्यात नाय निघालं तर तू सुटलीस ना?"

मी हो म्हटलं. "मंग नायच निघणार," ते म्हणाले आणि नर्सकडे हात पुढे केला.

विसरलेल्या आत्यांना कागदावर आणून बसवणारी मी, त्या बाकावर बसून मनापासून एवढंच मागत होते की आत्याचं दुखणं आत्याच्याच घरचं असू दे, आमच्या घरात ते नसू दे. इतकं शिकून मी बाबांच्या ओट्यावरच परत आले होते.

बाबांचा निकाल अजून यायचा आहे. काल आत्याचा फोन आला. भावाने रक्त दिल्याचं तिला कळलं होतं. तिने तब्येत विचारली, अभ्यास विचारला, आणि मग म्हणाली, "त्याच्यात नको निघू दे गं. माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. मी काय, दिलेलीच हाय."

फोन कानाला तसाच धरून मी गिरणीच्या दारात उभी राहिले, आणि आत बाबा भात भरडत होते.