गिरणी थांबल्यावर

मोरगावच्या गणपतीला नवस बोलायला मी बायकोला घेऊन गेलो, तेव्हा तिला आता मूल होणार नाही हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर बाजरीची रानं सरकत होती आणि ती होणाऱ्या मुलाचं नाव ठरवत होती. मी मान डोलावत होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय मला आक्कांबद्दल लिहिता येणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही इंदापुरात राहत होतो. मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. शेजारी आक्कांची पिठाची गिरणी. धिप्पाड बाई, भुवयांवर कायम पीठ. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं, कारण कोणाच्याही शेजारी बसण्याआधी त्या विचारायच्या, "बसू का?" गिरणी त्यांची, बाकडं त्यांचं, तरी विचारायच्या. शेळीलासुद्धा धार काढण्याआधी विचारायच्या, "काढू का गं?"

"आक्का, गिरणीच्या दगडाला इचारता का, दळू का म्हणून?" गल्लीतलं कोणीतरी चिडवायचं.

"त्याला दुखत न्हाय," आक्का म्हणायच्या.

त्यांच्या पहिल्या बाळंतपणात चौघीजणींनी त्यांना दाबून धरलं होतं. काय चाललंय, कोणी सांगितलं नव्हतं. मूल वाचलं नाही. "माझंच आंग, आन मलाच पत्ता न्हाय," एवढंच त्या सांगत.

तेव्हा दुपारची लाइट जायची. मग गिरणीचा पट्टा थांबायचा आणि हवेतलं पीठ सावकाश खाली येऊ लागायचं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या आत उतरलेल्या असायच्या. डब्यांवर बसलेल्या बायका त्या पांढुरक्या उजेडात तरंगत असल्यासारख्या दिसायच्या. "भाऊ, येळ हाय. चा पिऊन या," म्हणत आक्का आम्हा पुरुषांना घालवून द्यायच्या.

आम्हाला वाटायचं, बायका लाइटची वाट बघत बसल्यात. पण लाइट आली की आतून आवाज यायचा, "आली का मेली!" बाळंतपणात होरपळलेल्या बायका होत्या त्या, हे मला मागाहून कळलं. एकीचे हात टेबलाला बांधले होते. सांगवीहून माहेरी आलेल्या एकीला न विचारताच तांबी बसवली होती. घरी कोणी ऐकून घेत नव्हतं. इथे एक बोलायची, बाकीच्या ऐकायच्या. माझी बायको सुरुवातीचे कित्येक दिवस नुसती बसून यायची. "बोलायचं नसंल तर नगं बोलूस," आक्का तिला म्हणाल्या होत्या.

तिचं बाळंतपण बारामतीच्या दवाखान्यात झालं. मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, गर्भपिशवी फाटलीय, काढली नाही तर बाई वाचणार नाही. आणि म्हणाले, त्या शुद्धीवर आहेत, त्यांनाही सांगा. मी सही केली आणि तिच्याजवळ गेलो. तिनं माझं बोट घट्ट धरलं. "मूल काढायला पोट उघडतायत, बाकी काही नाही," मी म्हणालो. नंतर पाळी येईना, तेव्हा अशक्तपणा आहे म्हणालो. त्यानंतर मोरगाव.

एका दुपारी मी अंगणात सायकलची चेन बसवत होतो. आक्का आल्या.

"बसू का, भाऊ?"

"बसा की."

"तुमच्या मंडळीची पिशवी काडलीय का?"

मी मान हलवून हो म्हणालो.

"तिलाच इचारून आले. म्हनलं, तुझ्या मालकाला इचारू का, दवाखान्यात काय झालं? व्हय म्हनली. गिरणीत बसलीया."

"तुम्हीच सांगा ना, आक्का. मी सांगितलं तर मोडून जाईल ती."

"मोडंल. मग आमी हाय की तिथं. पर सांगायचं तुमी." उठता उठता त्या म्हणाल्या, "पोरासाठी संकष्टीला ती उपाशी ऱ्हाती, भाऊ. तुमी जेवताय."

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणीच्या जागी दुकानं आहेत. पण अंगणातून गिरणीपर्यंतची ती वाट मी अजून स्वप्नात चालतो, आणि स्वप्नात ती संपत नाही.

त्या दिवशी मात्र संपली. मी आत गेल्यावर बायका उठू लागल्या. आक्कांनी माझ्या बायकोला विचारलं, "आमी ऱ्हावं का जावं?"

"ऱ्हावा," ती म्हणाली.

बायका पुन्हा बसल्या. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. शेजारच्या बाईनं हात पुढे केला, तो तिनं धरला. पीठ तिच्या केसांवर उतरत होतं.

"मग मोरगावला का नेलंत मला?" तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तरं तयार होती. माझी मावशी सांगू नको म्हणाली होती, तुझी तब्येत नाजूक होती. त्यातलं एकही मी दिलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "शरीर तुझं होतं, तू जागी होतीस, आणि मी तुला विचारलं नाही. सही केली ती तुझा जीव वाचावा म्हणून. पण पुढे गप्प बसलो, ते तुझ्यासाठी नाही. तुझं रडणं मला बघवणार नव्हतं, म्हणून."