माळकऱ्यांचे रूलेट

गाभाऱ्यातले निर्माल्य रोज उचलावे लागते. न उचलले तर चार दिवसांत त्याखाली देवच दिसेनासा होतो. भजनी मंडळात किस्से असेच साचतात. फरक इतकाच, की निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकता येते आणि किस्से टाकायला कोणीच तयार नसते! आमच्या डोणगावच्या मंडळात आम्ही बारा जण. सारे माळकरी, सारे साठीच्या पलीकडचे. मी वीणेकरी, जन्मभर शाळेत शिकवले म्हणून सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. गेल्या वर्षभरात साचलेले किस्से मात्र एकाच माणसाभोवतीचे आहेत. तो माणूस म्हणजे आमचे पखवाजी श्रीरामभाऊ.

श्रीरामभाऊंना त्यांच्या जावयाने फोन दिला तो अभंग ऐकण्यासाठी. अभंग संपला, की मध्येच जाहिरात येई. एके दिवशी त्या जाहिरातीने त्यांना सांगितले, की तुम्हाला एक लाख नाणी फुकट मिळाली आहेत. बोट लावा आणि घ्या. भाऊंनी फोन आधी कपाळाला लावला आणि मग बोट लावले.

उघडले ते रूलेट. विलायतेत श्रीमंत लोक मेजाभोवती उभे राहून खेळतात तो जुगार. चक्र फिरते, त्यात पांढरी गोळी धावते आणि ती लाल घरात पडणार की काळ्या, यावर आधी नाणी लावायची. फोनमध्ये मेज, चक्र, गोळी, सगळे चित्रातले, नाणीही चित्रातलीच. श्रीमंत लोक जे सूटबूट घालून करतात, ते श्रीरामभाऊ गोठ्यात खाटेवर बसून करू लागले.

मी विचारले, “भाऊ, हे कशाला उघडलेत?”

ते म्हणाले, “गुरुजी, अभंगाच्या पाठोपाठ आलं ते! प्रसादाले नाही म्हणता येते काय?”

*

मंडळाचा नियम सर्वांना ठाऊक आहे. माळ घातली, की मद्य, मांस आणि जुगार या तिन्हींना कायमचा रामराम. म्हणून अध्यक्ष काशिनाथबुवांनी बैठक बोलावली. बुवा म्हणजे करारी माणूस. त्यांच्यापुढे आरतीची घंटासुद्धा बेताने वाजते.

श्रीरामभाऊंनी आपली बाजू एखाद्या वकिलासारखी मांडली. “बुवा, माह्या खिशातला एक रुपया गेला असंल तर दाखवा. नाणी खोटी, मेज खोटं, चक्र खोटं. मंग पाप तरी खरं कसं?”

दोघातिघांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड वाटत होता.

बुवा म्हणाले, “बराबर हाय. मंग तुह्या गळ्यातली माळबी खोटी घाल!”

बैठक तिथेच संपली. उठता उठता मात्र बुवांनी निर्णय दिला: सप्ताह बसण्याच्या आदल्या संध्याकाळी श्रीरामने देवापुढे शपथ घ्यायची आणि खेळ सोडायचा. शपथ घेतली नाही, तर सप्ताहाला पखवाज वाजवायला मलकापूरचा माणूस येईल.

भाऊंचा चेहरा उतरला. तो पखवाज त्यांच्या वडिलांचा. वडिलांच्या मागे एकाही सप्ताहात दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला नाही. काल्याच्या कीर्तनाला परगावच्याने तिथे बसायचे, म्हणजे आपल्या लेकीचे कन्यादान शेजाऱ्याने करण्यासारखे.

*

सोडायचे म्हटले म्हणून ते सुटत नसते. पुढच्या गुरुवारच्या भजनात ठेका जरा निराळाच लागला. आरंभीच इतकी घाई, की टाळकऱ्यांची बोटे दुखू लागली. मग लय हळूहळू उतरू लागली. आणखी उतरली. गाणाऱ्याने चरण ताणला, पुन्हा ताणला, श्वास संपत आला. पखवाज आता एकेक ठोका देत होता. ठक्... ठक्... आणि एक शेवटचा ठक्.

मग सगळे शांत. गाणाऱ्याचे तोंड उघडेच राहिले.

श्रीरामभाऊ मान पुढे काढून पखवाजाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

शेजारचा टाळकरी कोपराने ढोसून म्हणाला, “काऊन बे श्रीराम, कोन्या घरात पडली?”

*

त्यानंतर भाऊंनी रूलेट सोडले! आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी कळले, की रूलेट सोडून ते पत्त्यांच्या मेजावर गेले आहेत. तिथे फोनमध्ये एक मुलगी उभी असते. गोरीपान, काळा कोट घातलेली. ती हसते, पत्ते वाटते, पुन्हा हसते. हे वृत्त मंदावहिनींना कोणीतरी पोहोचवले. मंदावहिनी म्हणजे श्रीरामभाऊंची पत्नी. आता घरात रामायण होणार, अशा अपेक्षेने आम्ही दोघे-तिघे सहज म्हणून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

वहिनींनी फोन हातात घेतला. पदर सावरून बराच वेळ त्या मुलीकडे पाहिले. मग नवऱ्याला विचारले, “अहो, हे पोरगी सकाळपासून उभीच हाय काय?”

“हाव.”

“आन् काल?”

“कालबी उभीच होती.”

वहिनींचा आवाज चढला. “काऊन हो, तिले कोणी बस म्हनत नाही? चहा नाही, पाणी नाही, आन् तुम्ही मेले बसून तिच्याकडून पत्ते वाटून घेऊन राह्यले! लाज वाटत नाही काय?”

त्या दिवसापासून पत्त्यांचे मेज बंद झाले. वैराग्याने जे साधले नाही, ते दयेने साधले. भाऊ मात्र पुन्हा रूलेटवर आले. “तिथं कोणी उभं नसते,” म्हणाले.

*

आमच्याकडे मोठा पेच पडला, की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. सोयरीक जमवायची असो की विहिरीची जागा धरायची असो, दोन चिठ्ठ्या टाकायच्या, डोळे मिटून एक उचलायची आणि निघेल ती आज्ञा मानायची. श्रीरामभाऊंनी एका एकादशीला, दर्शनाची गर्दी ओसरल्यावर, दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर लाल, दुसरीवर काळे. लाल निघाली. भाऊंनी तिथेच सभामंडपात बसून होती नव्हती ती सारी नाणी लालवर लावली.

गोळी फिरली, रेंगाळली आणि पडली. घर हिरवे! त्या चक्रात शून्याचे एक हिरवे घर असते. तिथे गोळी पडली, की लालवाल्यांचेही जाते आणि काळेवाल्यांचेही.

भाऊ माझ्याकडे आले ते रडवेले होऊन. “गुरुजी, आता सांगा. देवानं लाल सांगतलं आन् पडलं हिरवं. मंग देव खोटा का चक्र खोटं?”

मी चाळीस वर्षे वर्गात अवघड प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. पण हा प्रश्न ऐकून मी वीणेच्या खुंट्या पिळू लागलो. काशिनाथबुवा खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, “देवाचं काय चुकलं बे? हिरवी चिठ्ठी तू टाकलीच नाही!”

दुसऱ्या दिवशी देवापुढे तीन चिठ्ठ्या होत्या.

*

शेवटी बुवांनी फोनच जप्त केला. आठ दिवस तो त्यांच्या घरी राहील आणि श्रीरामची सवय मोडेल, असे ठरले. भाऊ आठ दिवस खरोखर माणसांत आले. पखवाजाला चामड्याची नवी वादी ओढली, पुडीवरची शाई दुरुस्त करून आणली, दोन्ही वेळा रियाज केला. सप्ताह जवळ येत होता आणि मलकापूरचे नाव निघाले, की ते दचकत.

आठव्या दिवशी बुवांनी फोन परत दिला. देताना बजावले, “हे वाईट वस्तू हाय. म्या समदी तपासली.”

भाऊंनी निव्वळ सवयीने खेळ उघडला. पाहिले. पुन्हा चष्मा पुसून पाहिले.

“बुवा, हिरव्यात समदं गेल्यावर रोजच्या फुकटच्या नाण्यातले माह्ये चाळीस उरले होते. इथं अकरा लाख कसे?”

बुवांनी उपरणे झटकले, खांद्यावर टाकले आणि दाराकडे चालू लागले. उंबऱ्यातून मागे न पाहता म्हणाले, “व्याज.”

*

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी मांडव सजला होता. केळीचे खांब लागले होते, वीणा पूजेला ठेवली होती. ‘येऊ नको’ असा फोन गेला नाही, तर मलकापूरचा माणूस पहाटेच निघणार होता. श्रीरामभाऊ अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून आले. पखवाज देवापुढे ठेवला. हातावर तुळशीचे पान घेतले आणि म्हणाले, “घेतो शपथ. पण माह्यं एक मागणं हाय. माह्या फोनवर कोणाचा भरवसा नाही, तर तो तबकात ठेवा. आन् एकट्याचा फोन देवापुढं चोरासारखा नोका ठेवू. समद्यायचे ठेवा. आरती होईस्तोर.”

मागणे रास्त होते. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? चांदीचे मोठे तबक आणले. बुवांनी आपला फोन पहिला ठेवला, जरा जोरातच. मग एकेकाने ठेवला. बारा जणांचे बारा फोन. श्रीरामभाऊंनी शपथ उच्चारली. एकही शब्द अडखळला नाही. बुवांचे डोळे भरून आले. आरती सुरू झाली.

दुसरे कडवे चालू असताना सात वाजले.

त्या खेळाची एक रीत आहे. रोज सायंकाळी सात वाजता तो खेळणाऱ्याला नवी फुकटची नाणी देतो आणि ती घ्यायला या, म्हणून हाक मारतो. हाक म्हणजे परातीत नाणी ओतल्यासारखा खळखळाट.

तबकात प्रथम एक फोन खळखळला. कोणाच्या तरी हातातला टाळ थांबला. मग दुसरा खळखळला, तिसरा, चौथा. आणि मग ते मोजण्यापलीकडे गेले. चांदीच्या तबकात फोन थरथरत एकमेकांवर आपटू लागले. बुवांची आरती हातात तशीच तिरपी राहिली, तूप ओघळू लागले. कोणीही कोणाकडे पाहिले नाही. मी देवाकडे पाहत होतो. देवही दुसरीकडे पाहत असावा असे वाटले.

हळूहळू एकेक फोन शांत झाला. सगळ्यांच्या मध्ये एक फोन मात्र आरंभापासून काळा, मुका पडून होता. तो श्रीरामभाऊंचा.

भाऊंनी तबकाकडे पाहिलेही नाही. ते खाली बसले, पखवाज मांडीवर ओढला, ठोका घुमावा म्हणून ओल्या कणकेचा गोळा डाव्या तोंडावर नीट थापला आणि विचारले,

“बुवा, मलकापूरच्या माणसाले येऊ नोको म्हनून कोण सांगते? फोन तर समद्यायचे देवापाशी हायत.”