दोन हजार तीनशे दहा धागे

ग्राफ पेपरवर रंगवलेलं कमळ माझ्यापुढे सरकवून नरसय्यांनी विचारलं, "हे आता कुठं कापू, सर?"

नरसय्या आमच्या सोलापूरच्या चादर मिलचे मुख्य डिझायनर. मी त्यांचा असिस्टंट, अजून प्रोबेशनवर. मी बी.एस्सी., आमच्या घराण्यातला पहिलाच; म्हणून वयाने मोठे असूनही ते मला सर म्हणत.

चादर विणण्याआधी उभे धागे एका मोठ्या रुळावर गुंडाळतात. त्याला बीम म्हणतात. आमच्या बीमवर पूर्वीपासून २३०४ धागे असत. मी त्या आकड्याचे अवयव पाडले. निघाले फक्त दोन आणि तीन. पाचाने भाग जात नाही, साताने नाही. मला तो आकडा गरीब वाटला. जवळच २३१० होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा, या पहिल्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार. २३०४ला विभाजक सत्तावीस, याला बत्तीस. नरसय्यांना न विचारता मी थेट मॅनेजरसाहेबांकडे गेलो. कुठलंही डिझाइन घ्या, धागा उरणार नाही, असं सांगून आलो. साहेब खूश झाले. मला नोकरीत कायम करणं त्यांच्याच हातात होतं.

नवा बीम मागावर चढला आणि कमळ बसेना. कमळ चौसष्ट धाग्यांचं. छत्तीस कमळं झाली की सहा धागे उरत. नक्षीसाठी धागे उचलणारं जॅकार्ड यंत्र असतं, त्याचे हूक आठ-आठच्या ओळीत. त्यामुळे आमची सगळी नक्षी आठाच्या पटीत. २३१० मध्ये दोन एकदाच येतो. आठ सोडा, चारानेही भाग जात नाही. शेवटचे दोन आकडे पाहिले असते तरी कळलं असतं. माझ्या गावी, मंद्रूपच्या शाळेत गुरुजींनी ते लहानपणीच शिकवलं होतं.

"बीम बघितल्यावर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, कॉलेजात काहीतरी नवीन निघालं असंल की."

ते टोमणा मारत नव्हते. तेच जास्त लागलं.

साहेबांकडे मी एकटाच गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सात धाग्यांचं कमळ काढता का आता?" मी कमळाचा ग्राफ पेपर त्यांच्यापुढे ठेवला. "बी.एस्सी.ला चाराने भागत नाहीत?" त्यांनी पुन्हा विचारलं. बाहेर टायपिस्टचं मशीन थांबलं होतं.

नरसय्यांनी तीन-तीन धागे दोन्ही काठांत घालून बीम संपवला. पुढचा बीम पुन्हा २३०४चा आला. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं.

रविवारी मंद्रूपला वडिलांना एवढंच सांगितलं, की साहेब अजून काम बघणार आहेत.

"बघू दे की," ते म्हणाले. "काम चांगलं दिसलं म्हनूनच आनिक बघत्यात."

संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीभर तसंच सांगितलं. मी बाहेर पडलो नाही.

पुढे आयुष्यभर धाग्यांचाच हिशेब केला. आकडा कितीही गुणी दिसला, तरी त्याला कशाने भागायचंय ते आधी विचारत गेलो. आणि ज्याला भागायचंय, त्यालाच विचारत गेलो.