एक जूनची जुळी

साळूबाईंचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण गुरुजींना तसं वाटलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी लासूर स्टेशनच्या आसपास कुठल्याही शाळेत डोकावलं असतं, तर निम्मा वर्ग एक जूनलाच जन्मलेला सापडला असता. आईबापांना विचारावं, तर कुणी सांगे पोळ्याच्या आधी, कुणी सांगे गारा पडल्या त्या साली. गुरुजी तरी काय करतील बिचारे! शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून पोरंही जूनमध्येच जन्माला घालायची.

खरं तर साळूबाईंना शाळेत घालायचंच नव्हतं. घालायचं होतं नानाला, दोन वर्षांनी धाकट्या भावाला. पण नानानं पहिल्याच दिवशी असं भोकाड पसरलं की अख्खी शाळा डोक्यावर घेतली. बहीण शेजारी बसली तेव्हा कुठं गप्प झाला. चार दिवस हेच चाललं. शेवटी गुरुजी म्हणाले, "बसलीच आहेस, तर तुझंही नाव घालून टाकतो," आणि दोघांना एकच तारीख, एकच साल देऊन मोकळे झाले. अशी ही भावंडं सरकारदरबारी जुळी ठरली. साळूबाई चौथीपर्यंत शिकल्या त्या भावाच्या रडण्यावर, आणि हे त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही.

लग्न होऊन त्या नवऱ्याच्या नोकरीमागे संभाजीनगरजवळ बजाजनगरला आल्या. नाना लासूरच्या मोंढ्यात कांद्याची आडत चालवू लागला. पण एक जूनला तो यायचाच. हातात कागदात बांधलेली गोडीशेव, आणि जिन्यातूनच आरडाओरडा.

"धाकटे, हायेस का घरात?"

"धाकटी कुणाला म्हणतो रे?"

"हजेरीत माझं नाव आधी व्हतं. म्हंजी थोरला मीच!"

मग चहा होईपर्यंत भांडण, आणि चहानंतर आईच्या, गावच्या, गुरुजींच्या गोष्टी. साळूबाईंचा नवरा गेला त्या वर्षी त्या अंथरुणातून उठायला तयार नव्हत्या. नाना तेव्हाही आला. दिवसभर नुसता शेजारी बसून राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्या दिवसानंतर साळूबाई पुन्हा स्वयंपाकघरात जायला लागल्या.

अलीकडे नाना विसरायला लागला होता. आधी चष्मा, मग मोंढ्याचा रस्ता, मग चक्क सुनेचं नाव. गेल्या एक जूनला त्याचा मुलगा ऋतुराज त्याला घेऊन आला, तेव्हा साळूबाई दारात जीव मुठीत धरून उभ्या होत्या. नानानं त्यांच्याकडं पाहिलं, जरा वेळ लावला, आणि ओरडला, "धाकटे!" साळूबाईंना भरून आलं. बाकी सगळं विसरला तरी चालेल, पण या एका दिवशी त्यानं आपल्याला ओळखावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा?

आणि पुढच्याच वर्षी नात तनुजानं घात केला. पुण्यात नोकरीला असलेली ही पोर एक दिवस घरी आली आणि आज्जीच्या गळ्यात पडली.

"आज्जी, सत्तरावा वाढदिवस! आपण सगळे मालदीवला चाललोय. बेटावर. पाण्यातली खोली, बाहेर पाऊल टाकलं की समुद्र!"

"एक जूनला?" साळूबाईंनी विचारलं.

"मग काय दिवाळीला?" मुलगा सोमनाथ हसला. त्यानं वाळूजच्या वर्कशॉपमधून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेतली होती. पोरांच्या तोंडावरचा तो आनंद बघून साळूबाईंची जीभच उचलली नाही. सून मंजुषानं त्यांच्यासाठी नवी चप्पलसुद्धा आणून ठेवली होती.

बेट सुंदर होतं, त्यात वादच नाही. पाणी इतकं नितळ की साळूबाईंना त्यात पाय घालायचा संकोच वाटला. जेवायला वीस तऱ्हेचं मांडलेलं, त्यात त्यांनी दहीभात शोधून काढला. खोलीतल्या पलंगावर फुलांनी त्यांचं नाव लिहिलेलं होतं. ती फुलं चुरगळतील म्हणून त्या दुपारभर खुर्चीत बसून राहिल्या.

एक तारखेला सकाळीच त्यांनी तनुजाला ऋतुराजला फोन लावायला सांगितलं. पडद्यावर नाना दिसला. अंघोळ झालेली, धुतलेला सदरा, ओट्यावर बसलेला.

"नाना, मी साळू!"

नानानं निरखून पाहिलं. साळूबाईंच्या गळ्यात हॉटेलवाल्यांनी घातलेला हार होता, डोक्यावर तनुजाची मोठी टोपी. त्यांनी घाईघाईनं टोपी काढली, पदर नीट केला.

"कोण बोलतंय?" नानानं ऋतुराजला विचारलं.

"बाबा, आत्या हाये. तुमची साळू."

"नाय. साळूकडं तर मला जायचंय." मग तो पडद्याकडं वळून अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, जरा फोन ठेवता का? माझी बहीण फोन करील, तिला लाईन लागायची नाय."

साळूबाईंनी फोन ठेवला.

संध्याकाळी वाळूवर टेबल मांडलं, हॉटेलातल्या देशोदेशीच्या पोरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, साळूबाईंनी केक कापला आणि सगळ्या फोटोंत हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र सोमनाथला त्या पाण्यात पाय सोडून एकट्याच रडताना दिसल्या.

"आई, सांगायचं ना आधी!" सगळं ऐकून सोमनाथ कळवळला.

"सांगितलं असतं, तर पोरीचं मन मोडलं असतं. अन् मला काय ठाऊक, तो एकाच वर्षात इतका लांब जाईल म्हणून."

विमान मुंबईला उतरलं, पुढं रेल्वे. मुंबईहून संभाजीनगरला येणारी गाडी आधी लासूरला थांबते. रोटेगाव स्टेशन गेलं तशी साळूबाईंनी पिशवी उचलली.

"मी उतरते. ओळखलं नाय तर नाय. बघून तर येते."

सोमनाथही बरोबर उतरला. घरी पोचले तर नाना ओट्यावरच होता. अंघोळ झालेली, धुतलेला सदरा. ऋतुराज धावत पुढं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आत्या, त्या दिवसापासून रोज असंच चाललंय. रोज सकाळी उठतेत अन् म्हणतेत, आज एक तारीख, साळूकडं न्या. आम्ही नेत नाय म्हणून मग इथंच वाट बघत बसतेत. मी लई सांगितलं, एक तारीख गेली. ऐकतच नायत."

साळूबाई ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हार नाही, टोपी नाही, प्रवासानं चुरगळलेलं लुगडं. नानानं मान वर केली.

"आलीस व्हय, साळे? किती उशीर! एक तारीख संपत आली की."

साळूबाई त्याच्या शेजारी टेकल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"व्हय रे," त्या म्हणाल्या. "गाडी लेट झाली."