वायरमनची शेवंती

फूल घ्यायला आलेला माणूस फुलाचा वास घेतो. विश्वनाथ सोनकांबळे फूल उलटं करायचा.

औशाच्या बसस्टँडसमोर माझा फुलांचा गाडा आहे, आणि त्याचा त्या गाड्याला फार त्रास होता. यायचा, ढिगातली एक शेवंती उचलायचा, पांढरा रुमाल तळहातावर पसरून त्यावर फूल आपटायचा आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचा. "अब्दुलभाई, चालून राहिले बघ." रुमालावर तिळाच्या टोकाएवढे किडे पळत असायचे. फुलकिडे. कुठल्या फुलात नसतात? पण गिऱ्हाईक ते बघून मागं सरकायचं.

"माझ्या मालाची बेअब्रू करू नको, वायरमन."

"बेअब्रू न्हाई. फॉल्ट दाखवून राहिलो."

सारी हयात त्यानं विजेच्या खांबांवर काढली. उजव्या हाताची दोन बोटं एका झटक्यात वाकडी झाली ती कायमची. रिटायर झाला तरी गाव त्याला वायरमनच म्हणायचं, आणि तोही जगाकडं तारेकडं बघावं तसंच बघायचा. "लाईन मेली असं समजून हात लावायचा न्हाई," हे त्याचं पहिलं वाक्य. "फॉल्ट दिसत नसतो, शोधावा लागतो," हे दुसरं. काळजी करणं हाच त्याचा धंदा होता असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "काळजी न करणारे वायरमन मला दाखव. फोटोतच दिसतील."

त्याची बायको सुभद्राभाभी. तिच्या अंगणात पांढऱ्या शेवंतीच्या कुंड्या होत्या. बारीक फूल, पण वास असा की पान चुरगाळलं तरी हात दिवसभर दरवळायचा. हिवाळ्यात दर रविवारी ती आपली ओंजळ बुद्धविहारात न्यायची. मी फूलवाला असून तिनं माझ्याकडून कधी फूल घेतलं नाही, आणि मला त्याचा राग नव्हता. तसलं फूल माझ्याकडं नव्हतंच.

ती गेली ती वैशाखात, पौर्णिमेच्या आसपास. वायरमन माझ्या गाड्यावर आला. त्या दिवशी त्यानं रुमाल काढला नाही. "तिची शेवंती पाहिजे होती," म्हणाला. कुंड्यांत नुसतं पान होतं. बाहेरगावची, बर्फाच्या खोक्यातली शेवंती माझ्याकडं होती. त्यानं ती हातात घेतली आणि परत ठेवली. शेवटी मोगरा नेला.

पुढं दिवाळीनंतर एकदा म्हणाला, "येत्या वैशाख पौर्णिमेला तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन हाय. विहारात सांगून आलो, फुलं तिच्याच झाडाची असतील म्हणून."

"वैशाखात शेवंती? डोकं ठिकाणावर हाय का?"

"तूच सांगितलं होतं, रात्र लांबली की शेवंती कळीला येते. मग मी रात्र लांबवतो."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण फुलाच्या बाबतीत माझा शब्द औशात कोणी खोडत नाही. तो त्यानं माझ्याच तोंडून घेऊन माझ्यावर फिरवला. मग मला बघणं भागच होतं.

त्याच्या घराची मागची खोली दगडी भिंतीची, उन्हाळ्यात गार, तिचं दार मागच्या गल्लीत ओट्यावर उघडायचं. भाभी तिथंच गेली. त्या खोलीत त्यानं तिच्या झाडांच्या काश्या, म्हणजे बुंध्यातून फुटलेली रोपं, कुंड्यांत लावली. वर ट्यूबलायटी टांगल्या, भिंतीत कूलर बसवला, खिडकीला पुठ्ठा आणि त्यावर पोतं ठोकलं. पोतं कशाला, तर त्याच दारासमोरच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड आत यायचा. तो दिवा नोकरीत असताना त्यानंच हट्टानं स्वतःच्या दारासमोर आणला होता. दिवसा ट्यूब चालू. दिवस कलला की ट्यूब बंद, दार बंद, सकाळपर्यंत कोणी उघडायचं नाही.

आणि मग त्याची काळजी सुरू झाली. पानं जरा मलूल दिसली की पाणी. दुपारी ऊन तापलं की पाणी. मी एक दिवस कुंडी उचलली तर विहिरीतून काढलेल्या दगडासारखी जड.

"वायरमन, हे तहानलेलं न्हाई, बुडालेलं झाड हाय. मुळं गुदमरली तरी पान असंच मान टाकतं. आधी कुंडी उचल. हलकी लागली तरच पाणी."

बोअरचं पाणी क्षारांचं. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरलेली, पानांची टोकं करपलेली. मग तो पिण्याच्या पाण्याचे जार झाडांना आणायला लागला आणि स्वतः बोअरचं प्यायला लागला. युरियाही हात सोडून टाकलेला. पानं काळीभोर, खाली वळलेली, जाडजूड.

"पोट भरलेलं पोरगं वर्गात झोपतं," मी म्हटलं. "ह्याला कळीची आठवण कशी राहील? युरिया बंद कर. कळी धरली की थोडं पालाश दे, आणि रंग दिसला की तेही बंद."

"पाणी अन् खत दोन्ही एकदम न्हाई बदलायचं," तो म्हणाला. "एका वेळी एकच फ्यूज काढायचा. दोन काढले तर फॉल्ट कोणता होता कळत न्हाई." आठवडा पाण्यावर घालवला, मग खताला हात लावला. मला दम धरवेना. वैशाख जवळ येत होता आणि हा माणूस खांबाखांबानं चालला होता. मावा आला तेव्हाही तसंच. आधी एका कुंडीवर निंबोळीचं पाणी मारून बघितलं, पान भाजत नाही म्हटल्यावर सगळ्यांवर. रोज सकाळी दार उघडलं की प्रत्येक पान उलटं करायचा, लाल कोळी आहे का बघायला. कोळ्याचं बारीक जाळं दिसलं की ओल्या फडक्यानं पान न् पान पुसायचा, आईनं पोराचं नाक पुसावं तसं.

होळी झाली. झाडं आता तकतकीत होती, कीड नव्हती, पाणी बेताचं होतं. आणि कळी नव्हती.

वायरमनचं जेवण तुटलं. माझ्या गाड्यावर येऊन नुसता उभा राहायचा. "सगळी लाईन तपासली, अब्दुलभाई. खांब नीट, तार नीट. मग करंट कुठं अडून राहिला?"

मी सकाळी गेलो. एकेक कुंडी बघत लोखंडी कपाटाच्या मागं पोचलो. तिथं कोपऱ्यात दोन-तीन कुंड्या दाटीत सरकवलेल्या होत्या. त्यांच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या होत्या. तेच रोप, तीच माती, तेच पाणी. मी मागं वळून पाहिलं, की ह्यांना काय दिसत नाही जे बाकीच्यांना दिसतं. समोरच्या भिंतीवर भाभीचा फोटो होता आणि फोटोपुढं लाल झिरोचा बल्ब.

ती गेली त्या दिवसापासून तो बल्ब विझला नव्हता. लाईट गेली तर त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर होता. "आयुष्यभर लोकांच्या घरची लाईट आणली, हिच्यापुढची जाऊ देणार न्हाई," असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि मला माहीत होतं, शेवंतीवाले शेतकरी रात्रीचे रानात बल्ब लावतात ते शोभेसाठी नाही. सणापर्यंत फूल थांबवून धरायला लावतात.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. हे सांगावं कसं? पण न सांगून पौर्णिमा थांबणार नव्हती.

"वायरमन, फॉल्ट घावला."

"सांग."

"भाभीचा दिवा."

त्यानं चष्मा काढून रुमालानं पुसला. मग म्हणाला, "दुसरं काही असंल. परत बघ."

"फोटो पुढच्या खोलीत ने. दिवाही तिथं लाव."

"ती तिथं गेली. त्या भिंतीकडं बघत गेली. मी हलवणार न्हाई."

"मग फूल येणार न्हाई."

"न्हाई येऊ दे!" तो ओरडला. "तू फूलवाला, तुला फूल दिसतं. ऊठ माझ्या ओट्यावरनं."

मी उठलो. मलाही माझा ताठा आहे. दोन दिवस तो गाड्याकडं फिरकला नाही आणि मी त्याच्या गल्लीकडं. तिसऱ्या दिवशी दुपारीच आला. "संध्याकाळी येतो का? एकट्यानं व्हईना."

खांबावर चढण्याआधी वायरमन सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद ठेवायची परवानगी. आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याशिवाय खाली उभा असलेला दुसरा कोणी चालू करून टाकील याचा भरवसा नसतो. दिवस कलल्यावर त्यानं ट्यूबा बंद केल्या. खोलीत फक्त तो लाल उजेड उरला. फोटोपुढं तो वरिष्ठासमोर उभं राहावं तसा उभा राहिला.

"सुभद्रा, परमिट दे. लाईन घेऊन राहिलो. सकाळी परत देतो."

बल्बचा फ्यूज काढून त्यानं शर्टाच्या खिशात टाकला. खोली काळीकुट्ट झाली. अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्यानंतर रोज संध्याकाळी परमिट, रोज सकाळी लाईन परत. एक दिवस चुकला नाही.

आता त्याला अंधाराची काळजी लागली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पण दिवसा त्याच फटींतून ट्यूबांचा उजेड लोकांनी पाहिला होता, कूलरचा आवाज ऐकला होता. बंद खोली, कुंड्या, आत कोणालाच घेत नाही. गल्लीत कुजबुज उठली: म्हातारा गांजा लावून राहिला. चैत्रात एका संध्याकाळी हवालदार आला. मी मगरिबची नमाज आटोपून तिथंच बसलो होतो.

"दार उघडा."

"सकाळी या साहेब. सगळं दाखवतो."

"सकाळपर्यंत काय शिल्लक ठेवाल का? उघडा. ब्याटरी मारून बघतो अन् जातो."

वायरमन दाराला पाठ लावून उभा राहिला. एरवी साध्या शिपायालाही दोनदा जयभीम घालणारा माणूस तो. "ब्याटरी न्हाई मारू देणार. बायकोचा दिवा विझवून हा अंधार केला मी, साहेब. तुमच्या ब्याटरीसाठी न्हाई केला. मला घेऊन जा. ठाण्यात बसतो सकाळपर्यंत. दार मातर उघडायचं न्हाई."

हवालदार माझ्याकडं बघू लागला. मला एकच सुचलं. सकाळी खुडलेली खालची पानं ओट्यावरच्या टोपलीत पडली होती. त्यातलं एक पान चुरगाळून मी त्याच्या हातावर ठेवलं. "वास घ्या. गांजा असला तर आधी मला बेड्या घाला."

त्यानं हुंगलं. परत हुंगलं. "ही तर शेवंती."

"हाव."

"मग लपवता कशाला?"

"लपवत न्हाई," वायरमन म्हणाला. "झोपवून राहिलो."

हवालदार हसला नाही. "सकाळी येतो," म्हणाला, आणि खरंच आला. पानं उलटी करून बघायला वायरमननं त्यालाही लावलं.

शेवटचे दिवस फार वाईट गेले. बाकीच्या झाडांनीही कळी धरली, कपाटामागच्या कळ्यांना पांढरी कड दिसू लागली आणि ऊन असं तापलं की कूलर गरम वारा फेकायचा. दुपारी लाईट गेली की वायरमन भिंतींवर ओली पोती टांगायचा. झाडावर पाणी मारू का विचारायचा. मी हात धरायचो. उमलत्या फुलात पाणी साचलं की ते आतून सडतं.

पौर्णिमेच्या सकाळी तो घमेल्यावर ओलं फडकं झाकून आला. कपाटामागची फुलं उमललेली, बाकीच्या झाडांच्या नुसत्या कळ्या, मिटलेल्या. "अर्धीच लाईन आली," म्हणाला. त्याच्या वाकड्या बोटांना सुई धरवत नव्हती. मी हार ओवला. मध्ये फुलं, दोन्ही बाजूंनी कळ्या. माझ्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यात ओबडधोबड हार तो.

विहारात मी दाराशीच उभा होतो, त्यानं हाताला धरून आत नेलं. हार वाहिला. तो खाली मान घालून बसला. मला कळत होतं, त्याला त्या कळ्यांची लाज वाटत होती. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी, भाभीच्या जोडीची, इकडंतिकडं बघायला लागली. "सुभद्रा आली का गं?" तिनं शेजारणीला विचारलं. आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावला. वास ओळखला होता तिनं.

वायरमननं तेव्हा मान वर केली. त्या संध्याकाळी त्यानं खिडकीचं पोतं काढलं, दार सताड उघडं टाकलं, दिवा चालू राहू दिला, आणि आम्ही चहा प्यालो. राहिलेल्या कळ्या उमलल्या की नाही हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

पावसाळ्यात त्याची मुलगी त्याला नांदेडला घेऊन गेली. कार्तिकात तिचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाली.

त्या दिवशी माझ्या गाड्यावर शेवंती कमरेएवढी होती. बाजारात रस्त्यावर सांडत होती, गायी खात होत्या. त्याला वाहायला फूल कुठून आणायचं, ही चिंता जगात कोणालाच पडणार नव्हती. मला तेच लागलं. मी भाभीच्या अंगणातल्या कुंड्यांवरची फुलं खुडली, टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवली आणि नांदेडची बस धरली. लातूर गेलं, पुढं अहमदपूर गेलं, आणि मी दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघत होतो: सुकली का, दबली का, पाणी जास्त तर झालं नाही.

शेजारचा पोरगेला प्रवासी वैतागला. "चाचा, फुलंच हायत ना? एवढी काय काळजी करून राहिलात?"

"करणारा गेला, बाबा," मी म्हटलं, आणि फडकं परत उचललं.