फीत बांधलेली केळ

धुळ्याला एसटीत बसले तेव्हा मांडीवर बर्फाचा डबा होता. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, कुल्फी केवढ्याला. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकते, यात केळीचं पान ठेवायचंय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. एका पानासाठी पुण्याहून शिरपूर, हे मोठ्याने बोलल्यावर मलाही जरा विचित्रच वाटलं.

पण पान साधं नव्हतं. शिरपूरच्या पुढे एका गावात नाना नावाच्या शेतकऱ्याच्या केळीबागेवर हरण्या (पानांवर पिवळे पट्टे पाडणारा रोग) पडला होता. आजूबाजूच्या सगळ्या केळी पट्टेरी, आणि मधोमध एकच हिरवीगार. ती खरंच निरोगी निघाली तर तिच्यापासून हरण्याला दाद न देणारं वाण करता येईल आणि माझ्या संशोधनाचंही भलं होईल. मागच्या खेपेला नाना घरी नव्हते, न विचारता पान कसं तोडायचं, म्हणून झाड पुन्हा चटकन सापडावं या विचाराने मी तिला लाल फीत बांधून गेले होते.

भर उन्हात पोचले. थेट बागेत निघाले तर नाना आडवे आले. पाहुण्याने आधी जेवायचं, मग शेत बघायचं, हा तिथला कायदा. अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. कोल्हापूरची असूनही मिरचीने माझ्या कानातून धूर निघाला. तरी मी तीनदा भरीत घेतलं. संशोधन थांबू शकतं, भरीत गार होतं.

मग बागेत गेलो. माझ्या केळीच्या जागी खड्डा होता.

"फीत बांधेल झाड आम्ही उपटी टाकतस," नाना शांतपणे म्हणाले. (फीत बांधलेलं झाड आम्ही उपटून टाकतो.)

हरण्याच्या झाडाला फीत बांधायची, मागून मजूर ते उपटून जाळणार, ही त्या शिवाराची रीत. झाड वरून हिरवं दिसत होतं खरं, पण एवढ्या शिकलेल्या बाईने फीत बांधली म्हणजे तिला आतला रोग दिसला असणार, असं नानांनी धरलं. मजुरांनी सकाळी सुरुवातच तिथून केली होती, आणि बांधापलीकडे डिझेल ओतलेला ढीग जळत होता. मला नानांचा राग आला, मजुरांचा आला आणि त्या फितीचा सगळ्यात जास्त.

ओसरीवर तोंड पाडून बसले तेव्हा अक्का पाणी घेऊन आल्या. "बठ्ठा पानेसवर पट्टा व्हतात. एकच झाड चांगलं व्हतं, तेन्हंच पान तुले वाढं." (सगळ्या पानांवर पट्टे होते. एकच झाड चांगलं होतं, त्याचंच पान तुला वाढलं.) पाहुणीला डागी पान कसं वाढायचं, म्हणून त्यांनी ते मजूर यायच्या आधीच कापून ठेवलं होतं.

मी गोठ्यात पळाले. जेवणाची पानं तिकडे जातात. म्हैस भरीत लागलेलं पान चवीने खात होती. एक टोक तिच्या तोंडात, दुसरं माझ्या हातात. नाना-अक्का आणि गल्लीतली चार माणसं बघत उभी. अखेर वीतभर पान माझ्याकडे राहिलं. ते धुऊन मी बर्फात ठेवलं आणि मिळाली ती एसटी धरली.

पुण्यात सरांनी विचारलं, नमुन्याला लसणाचा वास कसा. मी म्हटलं, खानदेशचा आहे. चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या. पानात हरण्याचा विषाणू कुठेच सापडला नाही. आनंदाने मी उडीच मारली आणि लगेच मटकन बसले. वीतभर पानातून झाड उभं करणं मला येत नव्हतं.

नानांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, त्याचं बेणं मिळेल का. मी नाही म्हटलं. मग नाना म्हणाले, मजुरांनी कंद अर्धाच काढला असावा, त्या खड्ड्यातून पील (केळीचा कोंब) वर आलंय, आणि उद्या मजूर तेही उपटायला येणार आहेत.

"नाना, त्याला कोणाला हात लावू देऊ नका," मी जवळजवळ ओरडलेच.

"आते मी तठेच खाट टाकस," नाना म्हणाले. (आता मी तिथेच खाट टाकतो.)